कुत्रीचं मेटिंग: निर्णय माजाआधी, तारीख रक्ततपासणीवर

फरशीवर रक्ताचे थेंब दिसले की बहुतेक घरांत फोनाफोनी सुरू होते. ओळखीत चांगला नर कुणाकडे आहे, कितव्या दिवशी न्यायचं, किती पिल्लं होतील. तोवर उशीर झालेला असतो. मेटिंगआधीच्या निम्म्या तपासण्या माज सुरू झाल्यावर उरकत नाहीत आणि लस तर किमान महिनाभर आधी झालेली हवी. म्हणून येणारा माज पिल्लांसाठी वापरायचा की सोडून द्यायचा, हे तो येण्याच्या दोन-तीन महिने आधी ठरवावं.

आणि ‘सोडून द्यायचा’ हे उत्तर बऱ्याचदा बरोबर असतं. ‘एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, नाहीतर मादीला आजार होतात’ ही समजूत सर्वत्र ऐकू येते, पण तिला कसलाही आधार नाही. आयुष्यात एकदाही न व्यायलेली आणि वेळेवर नसबंदी झालेली कुत्री ठणठणीत राहते. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा धोका तर नसबंदीने जवळजवळ संपतोच. तेव्हा पिल्लं हवी असतील तर ती तुम्हाला हवी आहेत, मादीला नव्हे. मोठ्या जातीच्या एका वेतात आठ-दहा पिल्लं सहज होतात. त्यांतल्या निम्म्यांसाठी खात्रीची घरं आधीच बोलून ठेवलेली नसतील, तर पुढचं सगळं वाचूनही मेटिंग करू नका.

वय किती हवं

लहान जातींच्या माद्या सहा-आठ महिन्यांत पहिल्यांदा माजावर येतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांना वर्ष लागू शकतं, ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना दीड वर्षही. पहिल्या माजाला मादी गाभण राहू शकते, पण तेव्हा तिची स्वतःचीच हाडं वाढत असतात. वाढीला लागणारं अन्न पोटातल्या पिल्लांकडे वळतं, आणि कोवळ्या, घाबरलेल्या आया पिल्लांना जवळ घेत नाहीत असंही घडतं.

आपल्याकडे यासाठी कायदा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आले. त्यानुसार नर आणि मादी दोघंही किमान १८ महिन्यांचे हवेत आणि मेटिंगच्या निदान १० दिवस आधी पशुवैद्यकाने ते निरोगी असल्याचा दाखला दिलेला हवा. लागोपाठच्या दोन माजांत पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाहीत आणि आठ वर्षांनंतर मेटिंग बंद. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते.

ही कायद्याने घातलेली शेवटची मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं नाही. मोठ्या जातीची मादी दोन वर्षांची झाल्याशिवाय मेटिंगचा विचार करू नये, कारण खुब्याच्या सांध्याचा पक्का निकाल त्याच सुमारास मिळतो. पहिलं वेत पाच वर्षांनंतर नको. गर्भ कमी धरतात आणि बाळंतपण अडण्याची शक्यता वाढते. आयुष्यात तीन वेतं पुष्कळ झाली. ब्रिटनचा केनेल क्लब चारच्या पुढची आणि दोन सिझेरियननंतरची पिल्लं नोंदवत नाही. सिझेरियनचा नियम तर आपणही घरच्या घरी पाळावा.

माजाआधीच्या तपासण्या

पहिली तपासणी ब्रुसेलाची, आणि ती नर-मादी दोघांचीही. ब्रुसेला कॅनिस हा जिवाणू मेटिंगमधून पसरतो. मादी वरवर धडधाकट दिसते आणि गाभणपणाच्या ४५ ते ५५ दिवसांच्या आसपास अचानक टाकते. औषधांनी तो शरीरातून पुरता जाईल याची खात्री नसते आणि माणसालाही त्याची लागण होते. नराच्या मालकाने ‘आमच्याकडे कधी असं झालं नाही’ म्हटलं तरी रिपोर्ट मागा. रिपोर्ट नाही तर मेटिंग नाही.

दुसरी गोष्ट आपल्या गावाशहरांत फार दिसते आणि लोकांना ती माहीतच नसते: टीव्हीटी, म्हणजे मेटिंगमधून पसरणारी गाठ. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात आणि तिथे रुजतात. योनीमार्गात किंवा नराच्या लिंगावर फुलकोबीसारखी, लालभडक, हात लागताच रक्त येणारी गाठ होते. मादीला अधूनमधून रक्त जातं आणि घरच्यांना वाटतं माज लांबलाय. माज तीन-साडेतीन आठवड्यांत आवरत नसेल, थेंबथेंब रक्त महिनाभर येतच असेल, तर तो माज नाही असं धरून तपासून घ्या. व्हिन्क्रिस्टीनच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी ही गाठ बहुधा पूर्ण बरी होते. तोवर मेटिंग मात्र अजिबात नाही.

तिसरा मुद्दा गोचीडतापाचा. एर्लिकिया आणि बबेसिया यांचे जंतू शरीरात दबून राहतात आणि गाभणपणाच्या ताणात डोकं वर काढतात. तेव्हा डॉक्टरांचे हात बांधलेले असतात, कारण डॉक्सीसायक्लिनसारखी नेहमीची औषधं पोटातल्या पिल्लांना चालत नाहीत. म्हणून रक्ताची पूर्ण तपासणी आधीच करा. प्लेटलेट कमी दिसल्या तर कारण शोधून उपचार पूर्ण करा आणि हा माज सोडा.

जातीनुसार आणखी बघायचं असतं. लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्सरे काढावेत. मादी लंगडत नाही म्हणून खुबा चांगला असं होत नाही. पॉमेरेनियन आणि स्पिट्झच्या गुडघ्याची वाटी हाताने तपासून घ्यावी. चालता चालता मध्येच मागचा पाय उचलून उड्या मारत जाणारी मादी ‘लाडात आलेली’ नसते, तिची वाटी सरकलेली असते. पग जातीच्या मादीला तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवा आणि मग जवळ बसून श्वास ऐका. घरघर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत असेल तर तो श्वास पुढच्या पिढीला देऊ नका. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांची बहुतेक बाळंतपणं सिझेरियननेच होतात. त्यांचं मेटिंग ठरवताना शस्त्रक्रिया होणारच असं धरून चाला. मर्ल रंगाच्या, म्हणजे फिक्या अंगावर गडद वेडेवाकडे डाग असलेल्या, दोन कुत्र्यांची जोडी कधीच लावायची नाही, त्यांतली काही पिल्लं बहिरी आणि आंधळी जन्मतात. लातूर-सांगली पट्ट्यात कारवानी पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते, त्यामुळे थायोपेंटोनसारखी भूल उतरायला त्यांना धोकादायक वेळ लागू शकतो. सिझेरियनची वेळ आली तर भूल देण्याआधी डॉक्टरांना जात आठवणीने सांगा.

वजनाकडेही बघा. बरगड्या हाताला सहज लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, वरून पाहिलं तर कंबर दिसावी. लठ्ठ मादीच्या कळा कमजोर पडतात, आणि खंगलेली मादी दूध देऊ शकत नाही. लस आणि जंताचं औषध या टप्प्यावर पूर्ण करा. आईच्या अंगात लशीचं बळ असेल तरच ते चिकातून पिल्लांना मिळतं.

माज ओळखावा कसा

माजाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात योनीमुख सुजतं, गडद लाल स्राव जातो, नर मागे लागतात पण मादी गुरगुरते किंवा खाली बसते. हा भाग सरासरी नऊ दिवसांचा. दुसऱ्या भागात ती नरासाठी स्थिर उभी राहते. तोही सरासरी नऊ दिवसांचाच. पण सरासरी इथे फसवते, कारण दोन्हींपैकी कुठलाही भाग तीन दिवसांत संपू शकतो किंवा तीन आठवडे चालू शकतो.

रोज सकाळी, मादीने स्वतःला चाटून साफ करण्याआधी, पांढरा टिश्यू योनीमुखावर हलका टेकवा. कागदावरचा डाग सुरुवातीला गडद लाल असतो. मग तो फिका होत पाणचट गुलाबी आणि पुढे वाळलेल्या गवताच्या रंगाचा होतो. त्याच सुमारास सूज कमी होऊन भाग मऊ पडतो, आणि शेपटीच्या मुळाशी खाजवलं की मादी शेपूट एका बाजूला वळवून स्थिर उभी राहते. हे सगळं वहीत तारखेसह लिहा. मात्र काही माद्यांचा स्राव शेवटपर्यंत लालच राहतो, आणि काही इतक्या नीट चाटतात की माज आल्याचंच कळत नाही. म्हणून कागदाने फक्त अंदाज बांधायचा, निर्णय रक्तावर घ्यायचा.

अकरावा आणि तेरावा दिवस: ही सवय मोडा

‘अकराव्या आणि तेराव्या दिवशी लावून घ्या’ हा सल्ला पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. मादी गाभण न राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, की मेटिंग चुकीच्या दिवशी झालेलं असतं. एखाद्या मादीचं अंडं सातव्या दिवशीच सुटतं, एखादीचं विसाव्या दिवशी. शिवाय पहिला दिवस कोणता, हेच अनेक घरांत नक्की नसतं.

कुत्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वेगळी आहे. तिचं अंडं सुटतं तेव्हा कच्चं असतं. ते पिकायला साधारण दोन दिवस लागतात आणि पिकल्यावर दोन-तीन दिवस टिकतं. म्हणून ताज्या वीर्याने नैसर्गिक मेटिंग करायचं तर अंडं सुटल्यानंतरचे दोन ते चार दिवस सगळ्यात चांगले. नराचे शुक्रजंतू मादीच्या अंगात पाच-सहा दिवस जगू शकतात, त्यामुळे थोडं लवकर झालं तर निभावतं. उशीर झाला तर निभावत नाही.

अंडं कधी सुटलं हे प्रोजेस्टेरॉन सांगतं. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही ही तपासणी होते, कारण संप्रेरक तेच आहे. रक्त जेल नसलेल्या, लाल झाकणाच्या नळीत द्या, जेलच्या नळीत आकडा खोटा कमी येऊ शकतो. प्रत्येक वेळी लॅब तीच ठेवा, दोन यंत्रांचे आकडे जुळत नाहीत. रिपोर्टवरचं एककही बघा: नॅनोग्रॅममध्ये १ म्हणजे नॅनोमोलमध्ये ३.१८. हे न बघितल्यामुळे ६ नॅनोमोलला ६ नॅनोग्रॅम समजून तीन-चार दिवस आधीच मेटिंग उरकलेली उदाहरणं कमी नाहीत.

नॅनोग्रॅममधल्या आकड्यांचा अर्थ असा. १ च्या खाली म्हणजे अजून काही नाही. २ ते ३ च्या दरम्यान आला की मेंदूकडून अंडं सोडण्याचा हुकूम निघालाय. त्यानंतर साधारण दोन दिवसांनी, आकडा ५ ते ८ च्या घरात असताना, अंडं सुटतं.

एक नमुना मांडून बघू. २६ किलोची लॅब्रॅडॉर, स्रावाचा पहिला दिवस १ ऑगस्ट. ६ तारखेला रक्त दिलं, ०.६ आलं. ८ तारखेला १.१. १० तारखेला २.४, आता घाई करायची नाही पण नराच्या मालकाला कळवून ठेवायचं. १२ तारखेला ५.९, म्हणजे अंडं आज सुटलं. मेटिंग १४ आणि १६ ऑगस्टला. बाळंतपणाची तारीख १२ ऑगस्टपासून ६३ दिवस, म्हणजे १४ ऑक्टोबर, एखादा दिवस मागेपुढे. ही तारीख मेटिंगवरून मोजली असती तर ती ५७ ते ७२ दिवसांत कधीही आली असती, आणि सिझेरियन कधी करायचं हे ठरवताना तो पंधरा दिवसांचा झोल पिल्लांच्या जिवावर बेततो. तीन-चार रक्ततपासण्यांचा खर्च इथे वसूल होतो.

जवळ प्रोजेस्टेरॉनची सोय नसेल तर दर दोन दिवसांनी योनीमार्गाच्या पेशींचा स्मिअर बघून घ्या. पेशी कडक, कोनेदार होऊन त्यांचं प्रमाण ८० ते ९० टक्क्यांवर गेलं की मेटिंगचे दिवस आले. अंडं नेमकं कधी सुटलं हे त्यातून कळत नाही, पण दिवस मोजत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मेटिंगच्या दिवशी

मादीला नराच्या घरी न्या, उलट नको. नर परक्या जागेत बुजतो. तीन-चार तास आधीपासून खायला देऊ नका. मोकळी, न घसरणारी जागा, दोनच माणसं, एक मादीच्या डोक्याशी आणि एक नराजवळ. बघायला जमलेली पोरंटोरं बाहेर. मादी चावायला धावत असेल तर तोंड बांधून जबरदस्ती करू नका. बहुतेक वेळा तिचा दिवस आलेला नसतो, किंवा आत काही अडचण असते जी डॉक्टरांनी बोटाने तपासून सांगायला हवी.

मेटिंग झाल्यावर दोघं पाठीला पाठ लावून अडकतात. पाच मिनिटं ते अर्धा तास, क्वचित त्याहून जास्त. या वेळी पाणी ओतणं, ओढणं, काठी मारणं यांतून नराचं लिंग आणि मादीचा योनीमार्ग दोन्ही फाटू शकतात. दोघांना शांत धरून ठेवा, आपोआप सुटतात. दोन मेटिंगमध्ये ४८ तासांचं अंतर पुरतं.

घरी आल्यावर पहारा सैल करू नका. अंडं टिकून आहे तोवर गेटजवळच्या भटक्या नराकडूनही गर्भ राहू शकतो आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात. माज पूर्ण आटोपेपर्यंत मादी साखळीवरच बाहेर.

नको असलेलं मेटिंग झालं तर गर्भ टाळण्यासाठी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन कुणी सुचवेल. ते घेऊ नका. त्याने अस्थिमज्जा कायमची बिघडू शकते आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. माज पुढे ढकलण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टोजेनच्या इंजेक्शनांचंही तेच: पू आणि स्तनांच्या गाठी. अशा वेळी सुरक्षित पर्याय कोणता, हे दोन-तीन दिवसांतच पशुवैद्यकाला विचारा. पिल्लं कधीच नको असतील तर नसबंदी हाच सरळ मार्ग.

गाभणपणाचे नऊ आठवडे

माणसांचं प्रेग्नन्सी किट इथे चालत नाही, ते ज्या संप्रेरकावर चालतं ते कुत्रीत नसतंच. अंडं सुटल्यापासून २८ व्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी करा, पिल्लांचे ठोके दिसतात. आपल्या नमुन्यात ९ सप्टेंबर. पोट वाढणं आणि दूध येणं यांवर विसंबू नका, माज येऊन गेलेल्या कितीतरी माद्यांत खोटं गाभणपण दिसतं. त्या कोपऱ्यात चिंध्या गोळा करतात, खेळणं पोटाशी धरून बसतात, दूधही येतं.

पहिले सहा आठवडे आहार नेहमीएवढाच. ‘आता दोन जिवांची आहे’ म्हणून सुरुवातीपासून खायला घातलं तर फक्त चरबी साठते. शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र पिल्लं झपाट्याने वाढतात. तेव्हा चांगल्या दर्जाचं पिल्लांचं खाद्य सुरू करून प्रमाण हळूहळू २५ ते ५० टक्के वाढवा आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, कारण पोटात जागा उरत नाही. दूधभाकरी आणि वरणभातावर हे दिवस निघत नाहीत, त्यात प्रथिनं पुरेशी नसतात. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेली अंडी आणि शिजवलेलं चिकन वाढवा. कच्चं मांस नको.

कॅल्शियमचं सिरप गाभणपणात देऊ नका. गाभण मादीला कॅल्शियम हवं हे ऐकायला पटतं, पण बाहेरून भरपूर मिळालं की हाडांतून कॅल्शियम सोडवणारी ग्रंथी सुस्तावते. मग पिल्लं दूध ओढू लागतात तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कोसळतं आणि तिला सावरता येत नाही. कॅल्शियम कमी पडून झटके येण्याच्या आजाराला आपणच असं निमंत्रण देतो.

जंत पिल्लांना आईच्या पोटातच लागतात. ४० व्या दिवसापासून बाळंतपणानंतर १४ दिवसांपर्यंत रोज किलोमागे ५० मिलिग्रॅम फेनबेंडाझोल, म्हणजे २६ किलोच्या मादीला रोज १३०० मिलिग्रॅम, हा जंतांचा फेरा तोडण्याचा मान्य उपाय आहे. सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. शेवटचे तीन आठवडे आणि बाळंतपणानंतरचे तीन आठवडे बाहेरच्या कुत्र्यांशी संपर्क नको. मोठ्या कुत्र्यात साधी सर्दी करणारा हर्पिस विषाणू तान्ह्या पिल्लांना मारतो.

५७-५८ व्या दिवशी एक एक्सरे काढा आणि कवट्या मोजा. सहा पिल्लं आहेत हे माहीत असेल तर पाचव्यानंतर शांत पडलेल्या मादीकडे बघून ‘झालं वाटतं’ म्हणायची वेळ येत नाही.

बाळंतपण

खोका मादीला आडवं होऊन पाय ताणता येतील एवढा. आतल्या चारही बाजूंना, जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर एक पट्टी ठोका, म्हणजे आई टेकून बसली तरी पिल्लू भिंतीशी चिरडत नाही. जवळ ठेवा: वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सुती टॉवेल, दोरा, उकळलेली कात्री, पोव्हिडोन आयोडीन, नाक-तोंडातलं पाणी ओढून घ्यायचा रबरी फुगा, ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, थर्मामीटर. आणि रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या, सिझेरियन करू शकणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. तो आठवडाभर आधी बोलून पक्का करा.

५७ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजा. नेहमी १०१ ते १०२ फॅरनहाइट असलेलं तापमान ९९ च्या खाली घसरलं की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. पहिला टप्पा अस्वस्थतेचा: धापा टाकणं, थरथर, खोका उकरणं, न जेवणं. सहा ते बारा तास, पहिलटकरणीला जास्तही. मग पोट आवळून जोर लावणं सुरू होतं.

पिल्लू पाणमोटेसकट येतं. आईने ती लगेच फाडली नाही तर तुम्ही नाकापासून फाडा, तोंड पुसा, टॉवेलने जोरात चोळा. पिल्लाला पकडून हवेत झोके द्यायचे नाहीत, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नाळ पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून कापा आणि टोक आयोडीनमध्ये बुडवा. प्रत्येक पिल्लामागे वार पडली का, हे वहीत टिपा. पिल्लू मागच्या पायांनी आलं तर घाबरू नका, कुत्र्यांत ते नेहमीचं आहे.

डॉक्टरांना फोन कधी करायचा, हे आधीच कागदावर लिहून भिंतीला लावा:

- तापमान घसरून २४ तास झाले आणि जोर सुरू झाला नाही
- २० ते ३० मिनिटं जोरदार कळा देऊनही पिल्लू आलं नाही
- पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलं
- पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, म्हणजे वार सुटलीय आणि आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटतोय
- आत पिल्लू बाकी आहे आणि दोन तास उलटले
- अंडं सुटल्यापासून ६५ दिवस झाले

अडलेल्या मादीला ‘कळा वाढवायला’ घरी ऑक्सिटोसिन टोचणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे. पिल्लू आडवं किंवा मोठं असेल तर वाट मोकळी नसताना गर्भाशय आवळलं जातं आणि ते फाटतं. तपासणीशिवाय ते इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका, मग तो कितीही अनुभवी माणूस असो.

पहिले चार आठवडे

पिल्लांना पहिले दोन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात खोक्याच्या एका बाजूला २९ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब द्या आणि दुसरी बाजू थंड सोडा, म्हणजे ती सरकू शकतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत व्यायलेल्या मादीचं उलटं असतं: दिवा नको, सावली आणि हवा हवी. शक्य असेल तर फेब्रुवारी-मार्चचा माज सोडलेलाच बरा, कारण त्या माजाची पिल्लं ऐन उन्हाळ्यात येतात आणि दूध पाजणाऱ्या आईला त्या उकाड्यात पुरेसं खाणं जात नाही. गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू गरम करा, मगच पाजा. थंड पोटात दूध पचत नाही.

चीक पहिल्या बारा तासांत मिळायलाच हवा. प्रत्येक पिल्लाला वेगळ्या रंगाचा दोरा सैल बांधा आणि रोज त्याच वेळी वजन घ्या. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालेल. त्यानंतर रोज पाच ते दहा टक्के वाढ हवी आणि आठ-दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट. ज्याचा आकडा दोन दिवस हलला नाही ते पिल्लू आजारी आहे, दिसायला गुटगुटीत असलं तरी. वरचं दूध द्यावं लागलं तर पिल्लांसाठीची तयार पावडर वापरा. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, त्यामुळे नुसतं गाईचं दूध पुरं पडत नाही.

आईचा आहार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट, मोठं वेत असेल तर चौपटही लागतो. पाणी सतत भरलेलं. स्तनांवर रोज हात फिरवा. गरम, दगडासारखा आणि दुखरा सड म्हणजे स्तनदाह. जाणारा स्राव तीन आठवड्यांपर्यंत हिरवट-तपकिरी ते लालसर असणं ठीक, पण त्याला सडका वास आणि मादीला ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

पॉमेरेनियन, चिवावा, स्पिट्झ यांच्या मोठ्या वेताच्या आयांवर दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान विशेष लक्ष ठेवा. उगाच येरझाऱ्या, ताठर चाल, चेहरा खाजवणं, थरथर, मग झटके: हे कॅल्शियम कोसळल्याचं लक्षण. काही तासांत जीव जातो. पिल्लं ताबडतोब बाजूला करा आणि दवाखान्यात न्या. कॅल्शियम शिरेतून, हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकतच द्यावं लागतं. पिल्लं निदान चोवीस तास बाटलीवर, आणि तीन आठवड्यांपुढची असतील तर दूध तोडायलाच घ्यावं.

मेटिंग फसलं, पिल्लं राहिली नाहीत, तरी वही बंद करू नका. माज संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि वय वाढेल तसा वाढतो. खूप पाणी पिणं, सारखी लघवी, उलट्या, जेवणावरचं मन उडणं. पू बाहेर दिसेलच असं नाही, गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर सगळा आत साठतो आणि तेच जास्त घातक. उपाय बहुधा एकच, तातडीची शस्त्रक्रिया. पुढे पिल्लं घ्यायची नाहीत असं ठरलं असेल तर शेवटच्या वेताचं दूध तुटून सड सुकले की, साधारण व्यायल्यापासून तीन महिन्यांच्या सुमारास, पुढचा माज येण्याआधी नसबंदीची तारीख घ्या.